परदेशी विद्यापीठाची फी सांगलीतून : सेवा भरवशाची, पण फॉर्म आणि दर डोळ्यांत तेल घालून बघा

सांगलीतल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेतून परदेशी फी पाठवण्याच्या सेवेबद्दल हे लिहितोय. पैसे बुडत नाहीत. मात्र ते पूर्ण आणि वेळेत पोचतील याकडे पालकांनाच लक्ष द्यावं लागतं.

कागद मोजकेच लागतात: पासपोर्ट, पॅन, ऑफर लेटर, विद्यापीठाचं फीचं इन्व्हॉइस आणि ए२ फॉर्म (परदेशी रक्कम पाठवण्याचा अर्ज). त्यावर पैसे कशासाठी जातायत ते सांगणारा उद्देशाचा कोड एस०३०५. शाखेत परकीय चलनाचं काम होत नाही, अर्ज स्कॅन होऊन दुसऱ्या शहरातल्या शाखेकडे जातो. म्हणून सकाळीच जा. शुक्रवारी दुपारी दिलेला अर्ज सोमवारवर गेलाच म्हणून समजा. आपल्याकडे बऱ्याच घरांचे पैसे सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असतात, आणि बहुतेक ठिकाणांहून थेट परदेशी रक्कम जात नाही. आधी या शाखेतल्या खात्यात आरटीजीएस करून घ्या, त्यातही एक दिवस जाऊ शकतो.

खरी मेख दरात आहे. कमिशन किती ते काउंटरवर लगेच सांगतात, युरोचा दर मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत. बाजारभावापेक्षा दीड रुपया जास्त लागला तर १०,००० युरोंवर १५,००० रुपये गेले; त्यापुढे कमिशन किरकोळ. दर लेखी मागा, घासाघीस करा, मोठ्या रकमेला सवलत मिळते. चलन बदलण्यावरच्या जीएसटीची धास्ती नको: १० लाखांवर तो फक्त ९९० रुपये होतो.

फॉर्मवर परदेशी बँकांचे चार्जेस कोण भरणार हा रकाना असतो. तिथे ‘ओयूआर’ (सगळे चार्जेस पाठवणाऱ्याचे) लिहा. ‘एसएचए’ (चार्जेस दोघांत वाटून) लिहिलं तर मधली बँक आपला वाटा कापते, फी थोडी कमी पोचते आणि तेवढ्यासाठी प्रवेश अडून राहतो. संदर्भाच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक हवाच. पैसे वडिलांच्या खात्यातून जातात. नुसतं ‘पाटील’ वाचून विद्यापीठाने कुठला पाटील शोधायचा? जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच ठेवायचं खातं) ११,९०४ युरो भरतानाही हेच दोन रकाने तपासा, रक्कम कमी पडली तर खात्याचा दाखला अडतो.

टीसीएसबद्दल (परदेशी रक्कम पाठवताना बँक आधीच कापून घेते तो आयकर) काउंटरवर दरवेळी वेगळं ऐकायला मिळतं, ही या शाखेची मोठी उणीव. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या फीवर टीसीएस नाही. स्वतःच्या पैशांवर एका पॅनला आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत नाही, वरच्या रकमेवरच लागतो. कर्जाची रक्कम बचत खात्यात घेऊन मग पाठवली तर ती स्वतःचीच धरली जाण्याची भीती असते. थेट कर्जखात्यातून पाठवायला सांगा आणि मंजुरीपत्र जोडा. कापलेला टीसीएस रिटर्न भरूनच परत मिळतो. त्यामुळे फक्त शेतीचं उत्पन्न असलेल्या द्राक्ष बागायतदारालाही त्यासाठी रिटर्न भरावं लागतं.

पैसे गेल्यावर शाखा फक्त डेबिटची पावती देते. तेवढ्यावर उठू नका, पैसे पाठवल्याच्या स्विफ्ट संदेशाची (बँकांमधला व्यवहाराचा संदेश, पूर्वीचा एमटी१०३) प्रत मागा. विद्यापीठ ‘रक्कम मिळाली नाही’ म्हणालं तर तिच्यावरच्या यूईटीआर क्रमांकावरून (त्या व्यवहाराचा माग काढायचा क्रमांक) पैसे कुठल्या बँकेत अडकलेत ते कळतं.