गोगलगायीत एन्झाईम मोजू की इंपोसेक्स? प्रोजेक्ट ठरवायच्या आधी वाच

भावा, बोटीच्या रंगाचा गोगलगायीवर परिणाम, हा एमएस्सीचा प्रोजेक्ट कोल्हापुरात बसून करायचा तर दोन वाटा हायत, आणि खरा फरक जनावरातच हाय.

इंपोसेक्सवाली वाट लई भारी वाटते. बोटीच्या बुडाला जीव चिकटू नयेत म्हणून जुन्या रंगात टीबीटी (ट्रायब्युटाइल टिन, कथलाचं विषारी संयुग) असायचं, त्यानं मादीला चक्क नराचं लिंग फुटतं, हेच इंपोसेक्स, लिटरभर पाण्यात एखाद-दोन नॅनोग्रॅम असलं तरी काही जातींना पुरतं. 1970 च्या आसपास इंग्लंड-अमेरिकेच्या किनाऱ्यावर हे दिसलं आणि 2008 ला आंतरराष्ट्रीय करार लागू होऊन तो रंग बंद झाला. मोजायला महागडं काय लागत न्हाई, मॅग्नेशियम क्लोराईडनं सुन्न करायचं, शंख फोडायचा, मायक्रोस्कोपखाली लांबी मोजायची. पण गोगलगाय समुद्रातली, मांसाहारी जातीची पायजे, म्हंजे आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या फेऱ्या आल्या, त्याबी ओहोटी बघून. रंकाळ्यातली लिम्निया उचलून इंपोसेक्स शोधत बसू नकोस, ती उभयलिंगीच असते, व्हायव्हात तोंडावर पडशील.

एन्झाईमला बेलामिया ही गोड्या पाण्यातली गोगलगाय चालते, ती हितंच मिळते. हल्लीच्या रंगात जीव मारायचं मुख्य औषध तांबं, म्हणून टाकीत तांब्याचे डोस देऊन कॅटालेज हे एन्झाईम बघायचं. त्यासाठी 240 नॅनोमीटरला यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि क्वार्ट्झची क्युव्हेट (नमुना ठेवायची छोटी नळी) लागते, साधी काच चालत न्हाई, आणि टिश्यू वाटताना सगळं बर्फात. नर-मादी आधीच वेगळे काढ, नराचं उजवं शिंग आखूड नि जाड असतं, मादीच्या पोटात पिल्लं असतात म्हणून अख्खं जनावर न वाटता फक्त यकृत घे. पाण्याची हार्डनेसपण लिहून ठेव, जड पाण्यात तांब्याचा जोर कमी पडतो. पंचगंगेकाठची गोगलगाय उसाच्या फवारणीचं खाऊनच आलेली असू शकते, तिला आठ-दहा दिवस टाकीत ठेव आणि कंट्रोलबी (तांबं न दिलेला गट) त्याच लॉटमधला घे.

इंपोसेक्ससाठी कुणी म्हणंल टेस्टोस्टेरॉन (नराचं हार्मोन) मोजायचं किट आण, तर ऐकू नकोस. टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणारं अरोमाटेज एन्झाईम टीबीटी अडवतं म्हणून टेस्टोस्टेरॉन वाढतं ही जुनी थिअरी, पण गोगलगायीत त्या एन्झाईमचा जीनच सापडलेला न्हाई, 2004 पासून संशय पेशीतल्या आरएक्सआर नावाच्या रिसेप्टरवर हाय. किटचा आकडा येईल, पण त्याचा अर्थ काय सांगणार?

चार महिने असतील तर तांबं आणि बेलामियाच घे. रत्नागिरीत मावशी-आत्या कोण राहायला असंल तरच इंपोसेक्सचा विचार कर.