टिळक रोडवरचा बिहेवियरल फायनान्सचा चार रविवारचा वर्ग, आमचा अनुभव

भाची एसवायला आहे, इकॉनॉमिक्स घेतलंय, आणि तिला माणसं पैशाचे निर्णय कशी घेतात आणि तेव्हा मेंदूत काय होतं यावरच पुढे रिसर्च करायचाय. आधी एका करिअर काउन्सेलरकडे गेलो तर त्यांनी पाच हजार घेऊन 'सीए करा, सेफ आहे' एवढंच सांगितलं, पोरगी रडत घरी आली. मग कुणीतरी बिहेवियरल फायनान्सचा, म्हणजे नेमका याच विषयाचा, हा वर्ग सुचवला, शिकवणारे सर रिटायर्ड प्रोफेसर आहेत, मी पण सोबत बसले.

पहिल्याच दिवशी सरांनी दहाचं नाणं काढलं, म्हणाले छापा पडला तर मी दीडशे देतो, काटा पडला तर तुम्ही शंभर द्या, कोण खेळतंय? चोवीस जणांत चारच हात वर. मी बँकेत एकवीस वर्षं काढली तरी माझा हात खालीच होता! मग त्यांनी कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा 1979 चा पेपर उघडला, गमावण्याचं दुःख कमावण्याच्या आनंदापेक्षा बरंच जास्त टोचतं ते तिथे नीट कळलं. ओडीन नावाच्या अभ्यासकाने 1998 च्या पेपरात शेअर घेणाऱ्या-विकणाऱ्यांची दहा हजार ब्रोकरेज खाती तपासली, लोक फायद्यातले शेअर पटकन विकतात आणि तोट्यातले धरून ठेवतात, आमच्या ह्यांचं अगदी तेच चाललंय गेली सहा वर्षं.

मेंदूचा भाग तिसऱ्या रविवारी होता आणि तोच मला सगळ्यात आवडला. कुनेन आणि नटसन यांचा 2005 चा प्रयोग, माणसं एमआरआयच्या मशीनमध्ये पडून शेअर की बाँड ते निवडतायत, धोक्याची निवड करायच्या आधी न्यूक्लियस अकम्बेन्स (मेंदूतला फायद्याच्या आशेशी जोडलेला भाग) जागा होतो आणि सेफ निवडीच्या आधी इन्सुला (नुकसानीच्या धास्तीशी जोडलेला भाग). भाची वहीत मेंदू काढत बसली, सरांनी मागे उभं राहून तिची इन्सुला पुसून नीट जागेवर काढून दिली.

करिअरबद्दल सरळ बोलले, स्टॅटिस्टिक्स आणि कोडिंग पक्कं पाहिजे, सायकॉलॉजीचे पेपर वाचायची सवय पाहिजे, पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, घरच्यांनी घाई करू नये. फक्त परदेशातल्या अ‍ॅडमिशनचं शेवटच्या वीस मिनिटांत उरकलं, तिथे अजून एक रविवार हवाच होता. हॉलमध्ये पंखे दोनच, मागे बसलात तर फळा दिसत नाही.

फी बत्तीसशे, पूर्ण वसूल. पार्किंग नाही, बसनेच या. भाची आता पायथॉन ही कोडिंगची भाषा शिकायला लागलीये, रात्री साडेअकराला मला फोन करून 'मावशी, लूप चालला' म्हणून सांगते.