कंपनीनंच उबुंटू टाकून दिलेला लॅपटॉप: शाळामास्तरणीचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात घेतला, तेव्हापासून घरात हा एकच लॅपटॉप आहे. विंडोजऐवजी उबुंटू २४.०४ (लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीचा एक प्रकार) आधीपासूनच टाकलेलं. विंडोजच्या लायसन्सचे पैसे वाचतात म्हणून लोक असा लॅपटॉप घेतात. मला त्याहून मोठा फायदा वाटतो तो वेगळाच: वायफाय, टचपॅड, आवाज-ब्राइटनेसची बटणं हे सगळं आधीच जुळलेलं मिळतं. मागाहून आपण लिनक्स टाकायला बसलो की नेमकं तिथंच घोडं पेंड खातं. दुकानदार मात्र बिल करता करताच "मॅडम, विंडोज टाकून देऊ का?" म्हणाला. फुकटात. ते विंडोज कसलं असतं, हे सांगलीत कुणाला सांगायला नको.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यू-डायसची म्हणजे शाळेची सरकारला भरून द्यायची माहिती, सासऱ्यांना लागणारा तासगावकडच्या रानाचा सातबारा, लाइट बिल, व्हॉट्सअॅप हे सगळं ब्राउझरमध्येच होतं. तिथं लिनक्स आहे की आणखी काही, याचा पत्ताही लागत नाही. फायरफॉक्स सुरू केल्यावर पहिल्यांदा उघडायला जरा रेंगाळतो, एवढंच.

मराठी टायपिंगची धास्ती होती, ती वाया गेली. सेटिंगमध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी जोडली, की सुपर (विंडोजच्या चिन्हाचं बटण) आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. शिफ्ट धरून 'जे' दाबला की 'शेतकऱ्यांना'मधला अर्धा र नीट बसतो, शिफ्ट-'एन'वर ळ. इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहिणाऱ्यांना एम१७एन नावाचं टायपिंगचं जादा पॅकेज टाकून गमभनची, म्हणजे उच्चाराप्रमाणे टाइप करायची, पद्धतही मिळते.

खरी डोकेदुखी जुन्या फायलींची. आमच्या शाळांच्या केंद्रातून येणाऱ्या प्रश्नपत्रिका अजून कृतिदेव नाहीतर श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत असतात. उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. फॉन्टची फाइल मिळवून टाकली की वाचता येतं, पण त्यात दुरुस्ती करायची तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या मराठीत, बदलून घ्यावं लागतं. विंडोजच्या मंगल फॉन्टमधल्या फायली लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलच्या जागी इथं असलेलं सॉफ्टवेअर) दिसतात ठीक, पण इथं तो फॉन्ट नसल्यानं दुसरा लागतो, त्यामुळं तक्त्याची शेवटची ओळ पुढच्या पानावर उडी मारते. आणि निकालाच्या त्या एक्सेल फायली! कुणीतरी हौशी गुरुजींनी मॅक्रो (बटण दाबताच आपोआप चालणाऱ्या सूचना) घालून केलेल्या असतात, राज्यभर फिरतात. माझ्याकडं त्यातली बटणं अर्धी चालतात, अर्धी नाही. निकालाच्या आठवड्यात मी निमूट शाळेच्या विंडोजवाल्या संगणकावर बसते.

प्रिंटरचं असं आहे की घरचा नवा वायफायवाला कुठलाही ड्रायव्हर न मागता चालू झाला. शाळेतला जुना लेझर मात्र दाद देत नाही. पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन विश्रामबागेतल्या झेरॉक्सवाल्याकडं जायचं. प्रोजेक्टर केबल लावताच चालतो.

अपडेट आपणहून रीस्टार्ट करत नाही, तास चालू असताना हे सुख कळतं. सुरक्षा अपडेट २०२९पर्यंत फुकट मिळणार आहेत. झाकण मिटून रात्रभर ठेवला तर बॅटरी बरीच उतरते, म्हणून मी बंदच करते.

माझा भाऊ मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. माझा बघून त्यालाही असाच हवा होता. पण त्याचं सगळं काम टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, आणि टॅली विंडोजवर चालणारी. वर जीएसटीचं ऑफलाइन टूलही विंडोजचंच. तू विंडोजचाच घे, असं मीच त्याला सांगितलं.