पाळी बदलताना निरोप कुठे हरवतो? टॉवेल कारखान्यासाठी उपायांची तुलना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा मध्यम टॉवेल कारखाना डोळ्यांसमोर आणा. चाळीस-पन्नास माणसं, दोन पाळ्या. मागावर बहुतेक तेलुगू बोलणारे, शिवण आणि पॅकिंगला मराठी-कन्नड बोलणाऱ्या बायका, गोदामात दखनी उर्दू बोलणारे. संध्याकाळी खरेदीदाराचा फोन येतो की ३० बाय ६० इंचांच्या मालाचा काठ निळ्याऐवजी करडा हवा. मॅनेजर मुकादमाला सांगतो, मुकादम घाईत घरी निघतो आणि रात्रभर निळाच काठ विणला जातो. सकाळी जो तो म्हणतो, "मला कुणी सांगितलंच नाही." आणि बहुतेक वेळा ते खरं असतं.

अशा वेळी मालकापुढे साधारण चार पर्याय येतात: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, पाळीची वही, पाळीच्या तोंडावर समोरासमोर ताबा (जाणाऱ्याने येणाऱ्याला काम सांगून सोपवणं), किंवा बाहेरच्या माणसाला बोलावून प्रशिक्षण. पाचवा एक आहे, तो सहसा कुणाला सुचत नाही, त्याबद्दल पुढे. माझं मत आधीच सांगतो. दोन पाळ्या आणि तीन-चार भाषा असलेल्या कारखान्याने समोरासमोरच्या ताब्यापासून सुरुवात करावी आणि त्याला वहीची जोड द्यावी. बाकीचं नंतर. निवडताना मी एकच गोष्ट बघतो: निरोप ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे उलट विचारता येतं का?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

पैसे लागत नाहीत, म्हणून सगळे इथूनच सुरुवात करतात. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत कारखाना कोणत्या दिवशी बंद, उद्या वीज किती वाजता जाणार, गाडी कधी लागणार, डिझाइनचा फोटो, अशा निरोपांसाठी ग्रुप उत्तम आहे. फक्त रंगाची छटा फोटोवरून ठरवू नका. प्रत्येक फोनच्या पडद्यावर रंग वेगळा दिसतो. छटांचं नमुना-कार्ड (शेड कार्ड) हातातच हवं.

पण पाळीचा निरोप ग्रुपवर टाकला की अडचण येते. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे मेसेज उघडला गेला, समजला असं नाही. मराठी छान बोलणाऱ्या, पण वाचायची सवय नसलेल्या विणकराला लेखी मेसेजचा उपयोग नाही, आणि व्हॉइस नोट मागांच्या खडखडाटात ऐकू येत नाही. शंका असली तरी पन्नास जणांसमोर "मला कळलं नाही" असं लिहायला माणूस धजत नाही. तो अंगठा दाखवून मोकळा होतो.

पॅकिंगमधल्या बायकांचा प्रश्न तर बहुतेक मालकांच्या लक्षातच येत नाही. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. अनेकींना ते नको असतं, आणि काहींच्या नावापुढचा नंबर प्रत्यक्षात नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. ग्रुप करायचाच असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या 'कम्युनिटी' सोयीतला सूचना-ग्रुप करा. तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि मेसेज फक्त अ‍ॅडमिन टाकतो. दोन नियम पहिल्याच दिवशी सांगा: कुणाची चूक ग्रुपवर दाखवायची नाही, आणि पाळी संपलेल्या माणसाकडून रात्री उत्तराची अपेक्षा धरायची नाही. सगळ्यांदेखत लिहिलेला ओरडा पुसला जात नाही. तो वाचलेला माणूस पुढची चूक लपवतो.

समोरासमोर ताबा

यात जाणारा कामगार येणाऱ्याची वाट बघतो आणि दोघं मागाजवळ उभे राहून काम हातात देतात-घेतात. सांगायच्या गोष्टी मोजक्या आहेत: कोणता माग कोणत्या ऑर्डरवर आहे, आज काय बदललं, कोणता माग त्रास देतोय, काय अर्धवट राहिलंय. मग ऐकणाऱ्याने तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं. वैमानिकांना नियंत्रण कक्षाच्या परवानग्या अशाच परत म्हणून दाखवाव्या लागतात. तिथे नुसतं "हो, कळलं" चालत नाही. काठाचा रंग बदलल्याचं येणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारलं की गैरसमज तिथेच उघडा पडतो. तेलुगू बोलणारा तेलुगू बोलणाऱ्याला सांगत असेल तर सांगू द्या. मराठीची सक्ती केली तर निरोप आखूड होतो, आणि नेमका महत्त्वाचा भाग गळतो.

आवाजाचं मात्र भान ठेवा. आपल्याकडे ८ तासांच्या कामासाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे, आणि धोट्याच्या जुन्या मागांची शेड ती सहज ओलांडते. एवढ्या आवाजात माणूस ओठांकडे बघून अंदाज बांधतो आणि मान डोलावतो. म्हणून आधी शेडच्या दाराबाहेर बोलणं उरका, मग आत जाऊन मागाकडे बोट दाखवा.

या उपायाचा खर्च दिसत नाही, पण असतो, आणि बहुतेक ठिकाणी तो तिथेच फसतो. विणकर पीस रेटवर, म्हणजे नगावर मजुरी घेत असेल तर ताब्यात गेलेली दहा मिनिटं त्याच्या खिशातून जातात. फुकट थांबा म्हटलं तर चार दिवस थांबेल, पाचव्या दिवशी सायकल काढून निघेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्या दहा मिनिटांचा वेगळा मोबदला ठरवून द्या. रात्रभर चुकीच्या काठाचा माल निघाला तर सूत, वीज आणि मजुरी तिन्ही जातात; त्यापुढे ही रक्कम लहान आहे. मोबदला द्यायची तयारी नसेल तर हा पर्याय सरळ सोडून द्या. अर्धवट राबवला तर लोकांचा त्यावरचा विश्वास जातो आणि पुन्हा सुरू करणं जड होतं.

त्याची मर्यादाही आहे. सुट्टीवरून आलेल्या किंवा बदली कामगाराला काल काय बोलणं झालं ते कळत नाही, आणि शिवण विभागापर्यंत ते पोचत नाही. तिथे वही लागते.

पाळीची वही

वही निरोप टिकवते, पण सांगत नाही. याचं सगळ्यात भयंकर उदाहरण स्कॉटलंडजवळच्या समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटाचं आहे. ६ जुलै १९८८ रोजी दिवसा एका पंपाचा सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढला होता. त्याचा कागद भरलेला होता. रात्री दुसरा पंप बंद पडला, आणि झडप काढलाय हे माहीत नसलेल्या पाळीने पहिला पंप सुरू केला. वायू सुटला, स्फोट झाला, १६७ माणसं गेली. कागद अस्तित्वात होता, पण पाळी बदलताना ही गोष्ट तोंडी सांगितली गेली नाही. टॉवेल कारखान्यात एवढा धोका नसतो. तरी नुसती वही ठेवून जबाबदारी संपली असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

वही थोडक्यात ठेवा: ऑर्डर नंबर, माग नंबर, बदल, दोघांच्या सह्या. रंग शब्दात लिहू नका, सुताचा तुकडाच पानावर चिकटवा. तो कुठल्याही भाषेतल्या माणसाला कळतो. १९४८च्या कारखाने कायद्यातही फलकावरच्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायची अट होती. सोलापुरात ती भाषा विभागागणिक बदलते, म्हणून आकडे आणि नमुने यांवर जास्त भिस्त ठेवा.

टेबल हलवणं

हाच तो पाचवा पर्याय. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७०च्या दशकात अभियंत्यांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की बसायच्या जागांमधलं अंतर वाढतं तसं एकमेकांशी कामाचं बोलणं झपाट्याने घटतं, आणि साधारण ५० मीटरच्या पुढे ते जवळपास थांबतं. आपल्याकडे चेकिंगचं टेबल बहुतेक वेळा पॅकिंगच्या खोलीत, कधी वरच्या मजल्यावर असतं. पिळाचा दोष, सुटलेला लूप, डाग तिथे दिसतो आणि विणकराला दुसऱ्या दिवशी कळतो, तोवर तोच माग तोच दोष विणत राहतो. ते टेबल शेडच्या दाराशी आणलं तर चेकिंगवाल्या अक्का टॉवेल हातात घेऊन स्वतःच विणकराकडे जातात. जागा असेल तर हे याच आठवड्यात करून बघा.

प्रशिक्षण

एक दिवसाची कार्यशाळा सगळ्या कामगारांसाठी घेऊ नका. दुपारचं जेवण आणि फोटो एवढंच उरतं. मुकादम आणि विभागप्रमुख यांच्यापुरती घ्या, आणि विषय एकच द्या: चूक कशी सांगायची. दोष स्वतःहून सांगणाऱ्या कामगाराला मुकादमाने चारचौघांत झापलं, तर वरच्या कुठल्याही उपायाला अर्थ उरत नाही, कारण सांगितलं की शिव्या बसतात हे सगळी शेड त्याच दिवशी शिकते. मुकादम तसा असेल तर प्रशिक्षणाआधी मालकाने त्याच्याशी एकट्यात बोलावं.

माणसं पंधराच्या आत आणि एकच पाळी असेल तर वहीसुद्धा लागणार नाही; सकाळी चहाच्या वेळी उभ्या-उभ्या बोललात तरी पुरे. एक शेड शहरात आणि दुसरी शहराबाहेर चिंचोळी एमआयडीसीत असेल तर दोन्ही मुकादमांचा रोज ठरलेल्या वेळी फोन हवा, मेसेज नको. ज्यांची माणसं दिवसभर संगणकापुढे बसतात, अशा कार्यालयांसाठी मात्र क्रम उलटा: तिथे लिहिलेला निरोप आधी, बैठक नंतर.

काहीही निवडलंत तरी महिनाभर परत करावा लागलेला किंवा दुय्यम ठरलेला माल वेगळा मांडा आणि प्रत्येक गठ्ठ्यावर कारण लिहा: सूत, माग, की न पोचलेला निरोप. तिसऱ्या कारणाचे गठ्ठे पाळी बदलतानाचे असतील तर ताब्याकडे बघा. विभाग बदलतानाचे असतील तर टेबलाच्या जागेकडे.