मोरोविंड की विचर ३: जुन्या आणि नव्या आरपीजींतून निवड करताना

ज्यांना आरपीजींची, म्हणजे खेळाडूने एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेमची, ओळख आहे, पण सुटीत किंवा रात्रीच्या मोकळ्या वेळात एकच मोठा गेम मनापासून खेळायचा आहे, त्यांच्यापुढे हमखास येणारा प्रश्न म्हणजे जुना घ्यावा की नवा. जुन्यांतून २००२ चा ‘मोरोविंड’ आणि नव्यांतून २०१५ चा ‘विचर ३’ असे दोन गेम मी इथे समोरासमोर ठेवतो आहे. दोन्ही आपापल्या काळातले उत्तम गेम आहेत, दोन्ही मी शेवटपर्यंत खेळलो आहे आणि घणसोलीच्या घरी माझ्या संगणकावर आजही दोन्ही आहेत. देखणेपणात नवा सरस असणार हे उघड आहे, म्हणून तो मुद्दा सोडून देतो.

विचर ३ चे मोठेपण त्याच्या लेखनात आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. व्हेलेनच्या दलदलीच्या मुलखातली ब्लडी बॅरनची कथा ज्याने खेळली त्याला ती विसरता येत नाही. बायकोला मारहाण करणारा, दारूत बुडालेला हा माणूस आधी किळस आणतो आणि मग हळूहळू आपल्याला त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला भाग पाडतो. त्याच भागात एका झाडाखाली कोंडलेल्या आत्म्याला सोडायचे की मारायचे, हे ठरवावे लागते. त्या क्षणी कोणता पर्याय योग्य हे कळत नाही आणि त्याची किंमत पुढे भलत्याच माणसांना मोजावी लागते. निर्णयाला असा उशिरा आणि आडवाटेने परिणाम देणे फार थोड्या गेमना साधले आहे. मोरोविंडमधली बहुतेक पात्रे त्यामानाने माहिती सांगणाऱ्या फलकांसारखी वाटतात. शेजारच्या दोघांना एकच प्रश्न विचारला तर पुष्कळदा शब्दशः एकच उत्तर येते.

मोरोविंडची सुरुवातही अवघड आहे. तलवार समोरच्याला लागलेली डोळ्यांना दिसते, पण आतल्या आकडेमोडीत वार चुकलेला असतो, आणि पळत येऊन दमलेल्या अवस्थेत लढायला गेलात तर वार चुकण्याचे प्रमाण आणखी वाढते. मूळ आवृत्तीतली नोंदवही सगळ्या कामांच्या नोंदी तारखेवारी एकाखाली एक लिहीत जाते, त्यामुळे जुनी नोंद शोधताना पाने उलटत बसावे लागते. काही ठिकाणी पात्रांनी सांगितलेली दिशाच चुकीची आहे. हे दोष मी लपवत नाही.

असे असूनही माझे मत एका बाजूला झुकले, ते कोपऱ्यातल्या छोट्या गोल नकाशामुळे. विचर ३ मध्ये कुणी काम सांगितले की संवाद संपतो न संपतो तोच नकाशावर खूण उमटते आणि तिथपर्यंत ठिपक्यांची रेघ आखली जाते. हे सोयीचे आहे, पण पुढे होते असे की नजर पडद्याच्या मध्यावर राहतच नाही. नोव्हिग्राडसारखे शहर, ज्याच्या गल्ल्या, बाजार आणि बंदर उभे करण्यात कलाकारांनी जीव ओतला आहे, ते मी कितीतरी वेळा त्या रेघेकडे बघत पार केले आणि पोचल्यावर कुठून आलो ते मला सांगता आले नसते. नकाशा बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. मी तो बंद केला आणि मगच खरी अडचण कळली. बऱ्याच कामांत जायचे कुठे, हे पात्राने सांगितलेलेच नसते. खूण दिसणारच आहे हे गृहीत धरून संवाद लिहिलेला असल्यामुळे खूण काढली की खेळाडूच्या हाती काहीच उरत नाही.

याउलट मोरोविंडमधले अगदी सुरुवातीचे एक काम पाहा. बालमोरा गावातल्या फायटर्स गिल्ड या योद्ध्यांच्या संघटनेमधला हासफाट तुम्हाला आर्कंगथँड नावाच्या पडक्या वास्तूतून एक कोड्याची पेटी आणायला सांगतो, आणि वाट तोंडी सांगतो. गावातून दक्षिणेला बाहेर पडायचे, ओडाई नदी ओलांडायची, पूर्वेचा रस्ता धरून तो लगेच सोडायचा, मूनमॉथच्या किल्ल्यावरून उत्तरेला चढ चढायचा, मग लाव्ह्याच्या दरीवरचा जुना पूल लागतो आणि त्याच्या पलीकडे ते अवशेष. दार बंद असते. जवळच्या नळावरचा दांडा फिरवला की ते उघडते. आत गेल्यावर पेटी चमकत नाही, तिच्यावर बाण नाही. ती फळीवर ठेवलेली एक साधी लहान वस्तू आहे आणि ती शोधताना अनेकांचा बराच वेळ जातो. मी वहीत पूल आणि किल्ला काढून बाण मारले होते, आणि आजही तो डोंगर मला पाठ आहे.

ठाण्यात तलावपाळीवर उभे राहून कुणाला पत्ता विचारला तर कोपिनेश्वराचे देऊळ, गडकरी रंगायतन अशा खुणा मिळतात आणि पुढच्या वेळी विचारावे लागत नाही. वाशीत सेक्टर आणि प्लॉट नंबर मोबाइलमध्ये टाकून गेलो तर पोचतो नक्की, पण वाट लक्षात राहत नाही. चांगल्या आरपीजीत भूमिका वठवायची तर त्या जगात आपल्याला वावरता आले पाहिजे, आणि ऐकणे, लक्षात ठेवणे, अंदाज बांधणे यांखेरीज ते होत नाही, असे मला वाटते. उदाहरणार्थ, १९९७ च्या ‘फॉलआउट’ या आरपीजीमध्ये पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप आणायला १५० दिवसांची मुदत असते, आणि जिथे तिचा पहिला माग लागतो त्या व्हॉल्ट १५ या भूमिगत आश्रयस्थानात खाली उतरायला दोर लागतो, तो आधी जवळ बाळगण्याची अक्कल खेळाडूलाच लढवावी लागते.

तरीही हा निव्वळ वयाचा प्रश्न नाही. मोरोविंड बनवणाऱ्या कंपनीनेच २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये होकायंत्रावर पुढचे ठिकाण दाखवणारा बाण आणला, आणि उलट २०१९ च्या ‘डिस्को एलिझियम’ने मोठ्या लढाया जवळजवळ वगळून खेळाडूला पुन्हा लक्ष देऊन वाचायला लावले. ज्यांना ऐरोलीहून किंवा बेलापूरहून दमून आल्यावर रात्री जेमतेम तासभर मिळतो आणि तेवढ्यात कथा पुढे सरकलेली हवी असते, त्यांनी विचर ३ घ्यावा. त्यात त्यांचे नुकसान मुळीच नाही. सलग वेळ काढता येत असेल आणि पहिले काही तास सोसण्याची तयारी असेल, तर मात्र मी मोरोविंडच सुचवेन.

तो घ्यायचे ठरले तर ‘ट्रायब्युनल’ आणि ‘ब्लडमून’ या दोन्ही पुरवण्यांसह येणारी आवृत्ती घ्यावी, कारण ट्रायब्युनलपासून नोंदवहीत कामांप्रमाणे नोंदी पाहता येतात. ‘ओपनएमडब्ल्यू’ हे मुक्त स्रोत इंजिन, म्हणजे गेम चालवणारी खुली प्रणाली, वापरल्यास गेम आजच्या संगणकांवर, लिनक्सवरही, नीट चालतो. मूळ गेमच्या फाइली मात्र विकत घेतलेल्या हव्यात. पात्र बनवताना ज्या शस्त्राचे कौशल्य मुख्य म्हणून निवडले, सुरुवातीला तेच हाती धरावे, लढण्यापूर्वी दम भरून घ्यावा, आणि नकाशावर खुणा घालणारे मॉड, म्हणजे इतरांनी बनवलेले बदल, निदान पहिल्या खेपेला तरी टाकू नयेत.