लाकडी पॅलेट की प्लास्टिकचं? बेळगाव पट्ट्यातलं ऊन, पाऊस आणि कोल्ड स्टोरेज धरून केलेली तुलना

उद्यमबागेतली फाउंड्री, निपाणीचं तंबाखूचं गोदाम आणि अथणी भागातलं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, या तिघांनाही पॅलेट, म्हणजे माल रचून फोर्कलिफ्टने उचलायचे सपाट तक्ते, लागतात. खरेदीच्या वेळी भाव विचारला जातो, वजन किती पेलेल तेही विचारलं जातं. ते वजन कोणत्या तापमानाला पेलेल, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझं मत आधीच सांगतो. लाकूड घेणार असाल तर उन्हापेक्षा ओलीची काळजी जास्त करा. प्लास्टिक घेणार असाल तर ओल विसरा आणि थर्मामीटर बघा.

लाकूड तापलं की थोडं कमजोर होतं आणि गारठलं की मजबूत होतं. १२ टक्के ओल (म्हणजे पूर्ण सुक्या लाकडाच्या वजनाच्या १२ टक्के पाणी) असलेल्या लाकडाची २० अंश सेल्सियसला वाकताना मोडण्याची ताकद १०० धरली, तर ५० अंशांना ती ८० च्या आसपास येते. उणे ५० अंशांना तीच १३५ पर्यंत चढते. ताठपणा त्याहून कमी हलतो. ५० अंशांनाही तो सातेक टक्केच घटतो. शिवाय ही घट तात्पुरती असते, लाकूड निवलं की ताकद परत येते. कायमचं नुकसान व्हायला साधारण ६५ अंशांच्या वरची उष्णता दीर्घकाळ लागावी लागते. म्हणजे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी जे पॅलेट थोडं ढिलं पडतं, ते रात्री पुन्हा पूर्ववत होतं.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी आहे. खानापूरपासून बेळगावपर्यंत जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते, की शेडमध्ये ठेवलेलं कोरडं लाकूडसुद्धा १८-२० टक्क्यांपर्यंत ओल ओढतं. अंगणात भिजलेल्याची तर बातच नको. ओल एका टक्क्याने वाढली की वाकण्याची ताकद चारेक टक्क्यांनी उतरते, आणि हे लाकडाचे तंतू पूर्ण मुरेपर्यंत, म्हणजे २८-३० टक्के ओलीपर्यंत, चालू राहतं. १२ वरून २० टक्क्यांवर गेलेलं पॅलेट मे महिन्यातल्या दुपारच्या पॅलेटपेक्षा जास्त कमजोर असतं, आणि तेही एका दुपारपुरतं नाही, महिनोन्‌महिने. शिवाय २० टक्क्यांच्या पुढे बुरशीला वाव मिळतो आणि वजनही वाढतं. १२ टक्के ओलीला २० किलोचं असलेलं पॅलेट ४० टक्के ओलीला २५ किलोचं होतं. ते उचलणाऱ्या हमालाच्या कमरेला हा फरक लगेच कळतो.

प्लास्टिक पाणी पीत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू. पण तापमान त्याला लाकडापेक्षा कितीतरी जास्त लागतं. एचडीपीई (दाट पॉलिथिन, पॅलेटचं नेहमीचं प्लास्टिक) ६० अंशांवर आपला ताठपणा निम्म्यावर किंवा त्याखाली आणतं. रॅकमध्ये फक्त दोन कडांवर टेकलेलं, वर माल लादलेलं पॅलेट उन्हाळ्यात दिवसेंदिवस हळूहळू खाली झुकतं आणि तो बाक पुरता जात नाही. थंडीत मात्र एचडीपीई चिवट राहतं. पॅलेटचं दुसरं प्लास्टिक, साधं पॉलीप्रॉपिलीन, याच्या उलट. ते उष्णतेत जास्त टिकतं, पण शून्याच्या आसपास ठिसूळ होतं. दिसायला दोन्ही पॅलेट सारखीच निळी किंवा काळी असतात, म्हणून विक्रेत्याकडून माल कशाचा आहे ते बिलावर लिहून घ्या.

आता धक्का, कारण पॅलेट वजनाने जितकी मोडतात त्याहून जास्त फोर्कलिफ्टच्या दात्यांनी मोडतात. दाता आधी पुढच्या फळीवर आदळतो. थंडीत लाकडाची ताकद वाढते, पण धक्का सोसायची क्षमता त्याच प्रमाणात वाढेल असं नाही. ताठ झालेलं लाकूड मोडण्याआधी कमी वाकतं, म्हणून ओली होऊन गोठलेली फळी वजन छान पेलते आणि ठोकर बसली की उभी चिरते. फार सुकलेली फळी खिळ्यांपाशी फाटते. ओल्या लाकडात ठोकलेले गुळगुळीत खिळे लाकूड सुकल्यावर आपली बरीचशी पकड गमावतात. पावसाळ्यात बनवलेली पॅलेट मार्चमध्ये खिळखिळी होतात ती यामुळेच. फळी दोन मिलिमीटर जाड घेण्यापेक्षा तेच पैसे वाळवलेल्या लाकडावर आणि पिळाच्या खिळ्यांवर घाला, असं मी ठामपणे सांगेन.

मग कुणी काय घ्यावं? फाउंड्रीवाल्यांनी लाकूड. कास्टिंगच्या धारा प्लास्टिकला कापतात, आणि एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं. हाताला चटका बसेल इतका गरम माल मात्र लाकडावरही ठेवू नका, तो लोखंडी पेटीतच जाऊ द्या. शून्याच्या थोडं वर चालणाऱ्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला मी एचडीपीई सुचवेन. धुता येतं, बुरशीची भीती नाही, आणि तिथे उन्हाचा प्रश्नच येत नाही. फक्त रॅक असेल तर लोखंडी पट्टी घातलेलं घ्या. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये साधं पॉलीप्रॉपिलीन नकोच. तंबाखूच्या गोदामाला वाळवलेलं लाकूड पुरेसं आहे, पण ते कोब्यावर पडून ओल शोषणार नाही अशा तऱ्हेने रचा.

परदेशी माल पाठवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. लाकडी पॅलेटवरच्या एचटी (हीट ट्रीटमेंट) शिक्क्याचा अर्थ एवढाच, की लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं ठेवून किडी मारल्या आहेत. त्यात ताकद कमी होत नाही, पण लाकूड वाळतंच असंही नाही. शिक्का मारलेलं पॅलेट ओलं निघू शकतं. माल उतरवून घेताना ओल मोजायचं छोटं यंत्र दोन-तीन फळ्यांना आणि वरच्या-खालच्या फळ्यांमधल्या एका ठोकळ्याला लावा. ठोकळा जाड असतो, तो सगळ्यात शेवटी सुकतो. तिथे २० च्या वर आकडा आला तर गाडी परत पाठवा.