आठ महिने मल्टीमीटर वापरल्यावर: जुनी आठशे आणि गरम होणारं इंजिन

मीटर घेऊन आठ महिने झाले, जळगावचा अख्खा उन्हाळा त्यात गेला, म्हणून आता लिहितोय. गाडी मारुती ८००, २००३ची, वडिलांनी घेतलेली, विकायची नाही हे घरात ठरलेलं. मीटर (व्होल्ट, करंट मोजायचं यंत्र) साधा डिजिटल, बाराशे रुपयांपर्यंतचा, फक्त सोबत टेंपरेचर मोजायची वायर मिळते तोच बघून घेतला.

झालं असं की हायवेला भुसावळपर्यंत गाडी एकदम मस्त, पण अजिंठा चौफुलीला ट्रॅफिकमधे दहा मिनिटं थांबली की टेंपरेचरचा काटा सरळ लाल रेघेकडे. एका गॅरेजवाल्याने दिवाळीतच थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला होता, "भाऊ, आपल्या गरमीत याचं कामच नाही", मग म्हणे रेडिएटर बदला, मग म्हणे इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवावं लागेल. तेव्हा मीटर घेतला.

पळताना ठीक आणि उभी राहिली की गरम, म्हणजे पहिला संशय पंख्यावर, कारण पळताना समोरची हवाच रेडिएटर थंड करते. थर्मो स्विचचं (पाणी तापलं की पंखा चालू करतो तो) सॉकेट काढून वायरच्या तुकड्याने जोडलं तर पंखा फिरला, पण पाती मोजता येतील इतका हळू. बॅटरीवर १२.२ व्होल्ट, पंख्याच्या सॉकेटला ९.४ (पंखा चालू ठेवूनच मोजायचं, बंद असताना सगळं बरोबरच दिसतं). मग बाकीचे गेले कुठं? मीटरची काळी प्रोब (वायरीचं टोक) बॅटरीच्या मायनसला, लाल पंख्याच्या अर्थच्या वायरीला (करंट बॉडीतून मायनसकडे परत नेणारी), तर मीटरवर २.६! तिथं जवळपास शून्य पाहिजे. अर्थची वायर बॉडीला कसलेली असते तिथं वरून काहीच दिसत नव्हतं, बोल्ट खोलला तर रिंगखाली हिरवट पापुद्रा आणि गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, रिंग घासली, बोल्ट कसला, वरून व्हॅसलीन. परत मोजलं, ०.०८. पंख्याचा आवाजच बदलला हो! पैसे लागले फक्त पॉलिश पेपरचे.

थर्मोस्टॅट मात्र नवीन आणून परत बसवला. आधी पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवला, मीटरची वायर पाण्यात, ८२ अंशाच्या आसपास तो हळूहळू उघडताना डोळ्यांनी बघितला. तो नव्हता तेव्हा हिवाळ्यात सकाळी इंजिन तापायचंच नाही, आणि इंजिन थंडच आहे समजून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडायचा. कोणी काढायला सांगत असेल तर काढू नका, कळकळीने सांगतो. आणि बोअरचं पाणी टाकणं बंद करा, आपल्याकडच्या क्षारांनी रेडिएटर आतून भरतो. मी धुवून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं टाकलंय. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडायचं, भाजणं फार वाईट असतं.

मे महिन्यात चौघं बसून कन्नड घाट चढलो, वर ट्रकच्या रांगेत अर्धा तास, एसी चालू, काटा मधेच.

मीटरचं वाईट म्हणजे आपोआप बंद होत नाही, नऊ व्होल्टचा सेल दोनदा गेला. प्रोबच्या वायरी कडक आहेत. आणि एकदा करंट मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहिली, तशीच प्रोब बॅटरीला लावली, फ्यूज उडाला. वायर आधी व्होल्टच्या भोकात घाला, मग हात लावा.

पावसाळ्यानंतर अर्थ परत मोजला, ०.०८चं ०.१२ झालंय. रविवारी बोल्ट परत खोलतोय.